लिफ्टमध्ये अडकलेला सेक्रेटरी आणि कोरा चहा

पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होण्याआधी मी बरा माणूस होतो. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली. रिटायर झालो आणि हुकूम सोडायला बायकोखेरीज कोणी उरलं नाही. तीही ऐकेना, म्हणून मी नोटिसा लिहू लागलो.

त्यातली सगळ्यात वाईट नोटीस वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तीन मुलींसाठी होती. तिघी चाकणला मेंटेनन्समध्ये इंजिनिअर. शिफ्ट सुटली की कंपनीची बस त्यांना अवेळी गेटवर सोडते, एवढाच त्यांचा गुन्हा. 'कुटुंब नसलेल्या भाडेकरूंनी महिनाअखेर जागा सोडावी' असा मसुदा मी केला, कमिटीतल्या दोघांनी न वाचता मान डोलावली आणि छापायला बसलो तर प्रिंटर अडला. प्रिंटर अडला की मी या मुलींनाच हाक मारायचो. त्या दिवशीही मारली. मूर्खपणात माझा हात धरणारा आमच्या तिन्ही इमारतींत नाही.

तिघींतली लातूरची मुलगी आली. मागचं झाकण उघडून तिने चुरगळलेला कागद ओढला आणि पाठोपाठ नोटीस तिच्याच हातात आली. तिने ती वाचली आणि पालथी करून टेबलावर ठेवली.

"शाई कमी झालीय काका," ती म्हणाली, "पण वाचायला येतंय."

दोन दिवसांनी भर दुपारी वळीव आला. पार्किंगचे पत्रे कागदासारखे उडाले. अशा वेळी शहाणा माणूस घरात बसतो. मी नोटीस खाली बोर्डावर लावायला निघालो, तेही लिफ्टने. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. जनरेटर लागेना, कारण 'डिझेलचं पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारा सेक्रेटरी मीच.

मी ओरडलो. नंतर बराच वेळ नुसता घाम पुसला. मग दाराच्या फटीतून आवाज आला. तिघींतली कोकणातली होती.

"काका, खाली बसा. दाराला हात लावू नका. त्या दोघी वर मशीनरूममध्ये गेल्यात."

"अगं, तुम्हाला जमेल का ते?"

"आम्ही दिवसभर दुसरं काय करतो?"

वर काय झालं ते मला नंतर कळलं. दोघींनी आधी मेन स्विच पाडला आणि त्याला कुलूप घातलं, म्हणजे वीज अचानक आली तरी लिफ्ट हलायला नको. मग एकीने ब्रेक सैल धरला, दुसरीने हाताने चाक फिरवलं. लिफ्ट इंचाइंचाने उतरून तिसऱ्या मजल्याला लागली. धक्का म्हणून नाही. टूलरूममध्ये मी हीच शिस्त पोरांना शिकवत आलो, आणि घाईत स्वतः कितीदा मोडली ते सांगत नाही. या मुलींनी ती एका खडूस म्हाताऱ्यासाठी पाळली.

बाहेर आलो तेव्हा वरच्या दोघीही खाली आल्या होत्या. म्हटलं, "चहाला या. आत्ताच." नोटीस खिशात होती.

बायको संत तुकाराम नगरला बहिणीकडे गेलेली, रस्त्यात झाडं पडल्यामुळे तिथेच अडकलेली. चहा मीच केला. आलं आधी घालू नये हे मला माहीत नव्हतं. दूध फाटलं. मी पातेल्याकडे पाहत उभा राहिलो तर लातूरची आत आली.

"राहू द्या की काका, कोराच पिऊ. आमच्या घरी बी कोराच असतो."

कोकणातलीने खाली पडलेल्या कैऱ्या वेचून आणल्या होत्या. त्या चिरून तिने तिखटमीठ लावलं. खारी माझ्याकडची, थोडी मऊ. तिसरी, साताऱ्याची, कमी बोलणारी. तिने तीन कप चहा घेतला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला आजवर मिळालेलं नाही.

"ते कुलूप कुठलं गं?" मी सहज विचारलं.

"बॅगेचं," साताऱ्याची म्हणाली.

"बॅगेला कुलूप कशाला?"

मग कोकणातली म्हणाली, "रविवारी जातोय ना आम्ही. कमिटीने ठरवलंय म्हणे. चाकणला एक खोली बघितलीय. पत्र्याची आहे, पण आहे."

मी लातूरच्या मुलीकडे पाहिलं. ती कैरीची फोड निवडण्यात गुंतली होती. नोटीस कोणी लिहिली हे तिने मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. माझी लाज तिने झाकून ठेवली होती, आणि मी तिच्यासमोर बसून कैरीच्या फोडी खात होतो.

"कमिटीने नाही," मी म्हणालो. "मी लिहिली."

"मला माहीत होतं," लातूरची म्हणाली.

"मग मला लिफ्टमध्येच ठेवायचं होतंस."

"ठेवलं असतं," साताऱ्याची म्हणाली, "पण पाचव्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात जायचं होतं."

हसलो सगळेच. पण हसण्याने बॅगा रिकाम्या होत नाहीत. वीज नव्हती, म्हणून वहीचा कागद फाडून हातानेच लिहिलं: आधीचा निर्णय रद्द, या तिघी इथेच राहतील. जड वाक्यं होती ती लातूरच्या मुलीने खोडली. मग आम्ही चौघं सह्या घ्यायला जिने चढलो. प्रत्येक दारात मी धापा टाकत एकच वाक्य बोलत होतो, "चूक माझी आहे, सही तुमची हवी."

सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी चष्मा चढवून कागद दोनदा वाचला.

"सेक्रेटरी, तुमची सही कुठंय?"

सगळ्या इमारतीची घेतली, माझीच राहिली होती. त्यांच्याच पेनने, त्यांच्याच दाराला कागद टेकवून केली. त्यांनी खाली आपली केली.

लातूरच्या मुलीने कागद माझ्या हातातून घेतला, सह्यांवरून एकदा नजर फिरवली आणि जिन्यातच फोन लावला. "दादा, रविवारचा टेम्पो नको," ती म्हणाली. "नाही, दुसऱ्या दिवशी बी नको."