श्रावणी सोमवारचं रिकामं ताट

गेल्या श्रावणात मी जुळे सोलापुरातल्या आमच्या वृद्धाश्रमात चक्कर येऊन पडलो. सेविकेने शुगरची गोळी दोनदा दिली म्हणून तसं झालं, असं माझे नातेवाईक अजून सांगतात. ते खरं नाही.

डॉक्टरांनी उपवास बंद केले होते. पण जन्मभर श्रावणी सोमवार धरलेला मी. दुपारचं ताट समोर आलं की अपराधी वाटायचं. म्हणून गोळी मुकाट्याने गिळायची आणि ताट शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांकडे सरकवायचं. मास्तर दोघांचं जेवून वर चटणी कमी होती म्हणायचे. अशाच एका सोमवारी मी घामाघूम होऊन आडवा झालो. साखरपाण्याने सावरलो. ताट रिकामं, म्हणजे गोळीच दोनदा गेली असणार, असं चौकशीत ठरलं. मी गप्प राहिलो, मास्तरही. सेविका कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची, मला अज्जा, म्हणजे कानडीत आजोबा, म्हणायची. तिच्याकडून औषधांचं काम काढून तिला धुण्याला लावलं. ती चादर बदलायला आली की मी झोपेचं सोंग घ्यायचो.

दिवाळीआधी एक निवृत्त सिस्टर कर्मचाऱ्यांना मधुमेहाचं शिकवायला आल्या. साखर उतरलेल्या पेशंटचं नाटक करायला त्यांनी मला खुर्चीत बसवलं. मी थरथरलो, चिडलो, भलतंसलतं बडबडलो. स्वयंपाकीणबाई घाबरून कांदा फोडून माझ्या नाकाशी घेऊन आल्या.

"कांदा भाजीत घाला," सिस्टर म्हणाल्या. शुद्ध असेल तर साखरपाणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच डॉक्टर. सगळे हसत हसत शिकत होते.

मग त्यांनी विचारलं, गोळी बरोबर दिली तरी साखर का उतरते? आमच्याकडे तर डबल दिली होती, असं मागून कुणीतरी म्हणालं. सेविकेने मान खाली घातली. मी खुर्चीत सरळ बसलो.

"गोळी एकच होती. मी जेवलोच नव्हतो. उपवास होता."

"मग ताट रिकामं कसं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मास्तरांनी हळूच हात वर केला. हॉलमध्ये हशा उसळला. सेविका मात्र हसली नाही. गोळी देण्याआधी आज कोणाचा उपवास आहे ते विचारायचं, आणि जेवताना जवळ थांबायचं, हे सिस्टरांनी सगळ्यांकडून वदवून घेतलं. व्यवस्थापकांनी सर्वांसमोर तिची माफी मागून औषधांचं काम तिला परत दिलं. मीही हात जोडले.

"अज्जा, उपासाला मी कदी न्हाय म्हणले व्हय?" ती म्हणाली. "सांगितलं असतं तर डाक्टरांना इचारलं असतं की. माजं काम गेलं तवा तर बोलायचं."

आता मी जेवत असताना ती समोर स्टूल घेऊन बसते आणि शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय उठत नाही. मास्तरांना तिने हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलंय. आपलं वजन उतरतंय ते माझ्यामुळेच, अशी त्यांची तक्रार आहे.