बाहेर निघताना शेवटी

विहिरीचं दगडी बांधकाम ढासळलं, तेव्हा आत माझा भाऊ मल्लू होता. त्याच्यासाठी सोडलेला दोर रिकामाच वर आला.

मल्लू सैन्यात ब्रिगेडियर होता. आमचं घर मंद्रूपचं, मेंढरं राखणारं. चौथीनंतर माझ्या हातात काठी आली. मल्लू आठ वर्षांनी धाकटा. तो शिकला, इंजिनिअर झाला. सैन्यासाठी पूल बांधले, जमिनीत पुरलेले सुरुंग काढले. नव्या पुलावर आधी स्वतः चालायचा, मग माणसं सोडायचा. सुट्टीवर आला की म्हणायचा, "अक्का, आत जाताना आधी मी, बाहेर निघताना शेवटी मी."

"जेवायला बरा पहिला बसतोस की!" मी म्हणायची. तो हसून आणखी एक भाकरी मागायचा.

निवृत्त होऊन गावी आला तरी खोड गेली नाही. काठीनं लोकांच्या भिंती ठोकत फिरायचा. पोरंटोरं हसायची. आमच्या रानातल्या जुन्या विहिरीचा गाळ काढायचं ठरलं, तेव्हा त्यानं तीही ठोकली. "हितं पोकळ वाजतंय. फळ्यांचा आधार दिल्याबिगर कुणी उतरायचं न्हाय," म्हणाला, आणि फळ्या आणायला सोलापूरला गेला.

मी मुहूर्त काढून आणला होता. आमच्यात मुहूर्तावर पहिली पाटी गाळ वर यावी लागते. फळ्या काही येईनात. मी नारळ फोडला आणि माझ्या मुलाला, सिद्रामला म्हटलं, "उतर."

"मामा नको म्हणलाय की, आई."

"मामाला देवाचं काय कळतंय? एक पाटी भर अन् ये वर."

तो उतरला. एक दगड सुटून त्याच्या पायावर आला. तेवढ्यात मल्लू पोचला. चपला काढल्या, खाली गेला, पाय सोडवला, दोर सिद्रामच्या कमरेला बांधला.

"मल्लू, तू बी धर की दोर!" मी ओरडले.

"दोघांचं वजन नको. आधी तो, अक्का."

सिद्रामला वर घेतला, दोर पुन्हा सोडला, आणि भिंत बसली. दुपारी मल्लूला बाहेर काढला, तेव्हा तो गेलेला होता.

सैन्यातली माणसं आली, सलामी दिली. एका साहेबानं विचारलं, आधार दिल्याशिवाय माणूस आत गेलाच कसा? मी सांगितलं, "मी उतरवला."

सिद्राम वाचला. डाव्या पायानं लंगडतो.