भागुबाईचं बोलणं

१९९७ साली दसऱ्याच्या तोंडावर मखमलाबादच्या भागुबाईची लेक सुवर्णा काविळीनं गेली. साखरपुडा झाला होता, लग्न तेवढं व्हायचं होतं. मळ्यातला झेंडू तोडायला कुणी गेलंच नाही. फुलं झाडावरच काळी पडली.

भागुबाई पहिल्यापासून बोलकी. फूलबाजारात पाटी मांडून बसली की ओळखीच्या बायका जवळ टेकायच्या आणि ती त्यांना सगळं सांगायची. डोळे कसे पिवळे झाले, शेवटी पाणी कसं मागितलं. सांगता सांगता रडायची, आणि मग दोन घास पोटात जायचे.

नवरा गोटीराम मुळातच अबोल. घरी कुणी भेटायला आलं की तो मागच्या दारानं मळ्यात जायचा. "माणसांत बसव त्याला, नायतर दुःख आतून पोखरंल," असं नणंद, कुसाबाई, म्हणाली. म्हणून भागुबाई मुद्दाम माणसं बोलवायची. एकदा पाहुण्यांसमोर ती लेकीचं सांगू लागली, तसा तो भरल्या ताटावरून उठला. ती चिडून विहिरीपर्यंत त्याच्या मागं गेली.

"काळीज हाय का दगड? लेकीसाठी एक टिपूस नाय काढलं तुमी!"

गोटीराम विहिरीच्या काठावर टेकला. "तू सांगतीस ना, तवा ती मला परत मरताना दिसती. रोज. मला गप राहू दे गं, भागे. गप असलो की ती माझ्याजवळ असती."

त्या दिवसापासून तिनं घरात लेकीचं नाव घेणं सोडलं. बाजारातल्या बायकाही तेच ते ऐकून कंटाळल्या होत्या, विषय बदलायच्या. मग तिथंही तिचं तोंड मिटलं.

गोटीराम हळूहळू सावरला. त्यानं शेवंती लावली, भावकीतल्या लग्नालाही जाऊन आला. ते पाहून भागुबाईला बरं वाटायचं आणि रागही यायचा. तिच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता.

अशी काही वर्षं गेली. एका दुपारी बांधावर जेवताना गोटीराम आपणहून म्हणाला, "गवार दिसली की सुवर्णी कसं नाक मुरडायची, आठवतं?"

तो हसला, आणि त्याचे डोळे भरून आले. बायको काही सांगेल म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला.

"बोल ना, भागे. तिचं काहीतरी सांग."

भागुबाईनं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. पदरानं ओठ पुसून ती एवढंच म्हणाली, "भाकरी वाढू का अजून?"