दहा सेंटिमीटरांतले टाके

कामाक्षीबाई ऑफिसात कोणालाच आवडत नसत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. चेन्नईत पॅरीज कॉर्नरमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर सेतुमाधवांचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस होतं. बंदरात उतरलेला लोकांचा माल कागदपत्रं करून सोडवून द्यायचा, हा धंदा. त्यातलं विणलेल्या सुती कपड्यांचं काम बावीस वर्षं कामाक्षीबाईंकडे होतं. कुठला कपडा कस्टमच्या यादीत कुठल्या नंबराखाली बसतो ते त्या ठरवायच्या. एकदा ठरवलं की मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप, त्या हलायच्या नाहीत.

त्या मूळच्या तंजावरच्या. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मद्रासला आल्या आणि तीन वर्षांत नवरा गेला. सासरच्यांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग भरून दाराशी ठेवली. ती उचलून त्या तंजावरला न जाता अंबत्तूरला गेल्या आणि एका बनियनच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. अकरा वर्षं भिंगाखाली कापड धरून टाके मोजले. सुपरवायझरनं "चालेल" म्हटलेला गठ्ठा त्या खुशाल परत फेकत. कारखाना बंद पडला त्या दिवशी बाकीच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कामाक्षीबाई एकट्याच बसस्टॉपवर गेल्या.

सेतुमाधवांच्या वडलांनी त्यांना ऑफिसात घेतलं ते त्यांच्या या नजरेसाठी. वडील गेले, मुलगा खुर्चीत बसला. तोही तंजावरी मराठी, मैलापूरचा. लहानपणापासून त्यांना अक्का म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात राजगोपाल नावाचा व्यापारी आला. अण्णा नगरात त्याची कपड्यांची दोन दुकानं. ढाक्याहून पुरुषांचे कॉलरवाले, विणलेल्या सुती कापडाचे शर्ट मागवलेले. माल जहाजावर चढला होता. नमुन्याचा एक शर्ट कामाक्षीबाईंच्या टेबलावर टाकून तो म्हणाला, "शर्ट आहे. शर्टाचा नंबर घाला आणि पुढं जाऊ द्या."

त्यांनी शर्ट उलटा केला, त्यावर दहा सेंटिमीटरांचं चौकोनी भोक पाडलेला पुठ्ठा ठेवला आणि टाचणीच्या टोकानं टाके मोजायला घेतले. राजगोपालचा फोन तीनदा वाजला. मोजून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"आडवे ब्याऐंशी. उभे एक्याण्णव."

"मग?"

"सेंटिमीटरला दहा टाके पाहिजेत, म्हणजे दहा सेंटिमीटरांत शंभर. याला ना आडवे पडतात, ना उभे. नियमाप्रमाणं हा शर्ट नव्हे. स्वेटर-जर्सीच्या नंबरात जातो."

"स्वेटर? चेन्नईच्या उकाड्यात मी स्वेटर विकणार?"

"तुम्ही काय विकता ते मी विचारलं नाही."

राजगोपालच्या कपाळाची शीर उठली. माल बांगलादेशातच तयार झाल्याचा दाखला त्याच्याकडे होता आणि त्यावर ड्यूटीत सवलत मिळायची. पण दाखल्यावर शर्टाचा नंबर होता. नंबर बदलला की दाखला लटकणार. तो तडक सेतुमाधवांच्या केबिनमध्ये शिरला आणि दार उघडं ठेवूनच ओरडला, "ही बाई तुमच्या नोकरीत आहे की कस्टमच्या?"

तो गेल्यावर सेतुमाधवांनी त्यांना आत बोलावलं.

"अक्का, सगळे शर्ट म्हणूनच लिहितात. लिहून टाका."

"सगळे लिहोत. मी लिहिणार नाही."

"ऑफिस माझं आहे."

"ऑफिस तुमचं. सही माझी."

सेतुमाधवांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या सहीनं भरला.

माल आला आणि तपासणीसाठी अडकला. कस्टम असे कंटेनर अधूनमधून उघडून बघतंच. पण राजगोपाल जिन्यातूनच शिव्या देत वर आला. "हिनंच चुगली केली! माझ्या अन्नात माती कालवली हिनं!"

"मला सांगायचं असतं," कामाक्षीबाई म्हणाल्या, "तर तुम्हाला समोर बसवून सांगितलं असतं."

त्यांनी सेतुमाधवांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले. त्यांनाही चुगलीचं खरं वाटत होतं. राजगोपालच्या शिव्या कामाक्षीबाईंना लागल्या नव्हत्या, हे मात्र आत कुठंतरी रुतलं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातली कॉफी त्यांच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागली.

तपासणी मणलीकडच्या गोदामात होती. पत्र्याची शेड, आत भट्टीसारखी धग. सेतुमाधवांना टाके मोजता येत नव्हते, म्हणून नाइलाजानं अक्कांना सोबत न्यावं लागलं. गाडीत राजगोपालही होता.

अधिकाऱ्यानं पहिली पेटी फोडली, एक शर्ट मोजला आणि वहीत लिहायला घेतलं. "सगळा माल स्वेटरच्या नंबरात. दाखला लागू नाही."

"थांबा," कामाक्षीबाई म्हणाल्या. "सगळा माल एक नाही. मालाच्या यादीत निळ्या पट्ट्यांचे शर्ट वेगळ्या विणीचे लिहिलेत. ती पेटी उघडा."

"बाई, गप्प बसा!" राजगोपाल किंचाळला. ही आता उरलासुरला मालही बुडवणार, असंच त्याला वाटलं.

अधिकारी चिडला. "अम्मा, मला शिकवता काय?"

"शिकवत नाही. मोजा म्हणते."

त्यानं मोजले नाहीत, म्हणून त्यांनी ती पेटी उघडायला लावून स्वतः शर्टावर पुठ्ठा मांडला. घाम डोळ्यांत उतरत होता. एकदा आकडा चुकला तर त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. आडवे एकशे आठ, उभे एकशे चौतीस.

"पण खाली आवळणारी पट्टी आहे ना," अधिकारी म्हणाला. "तशी असली तरी शर्ट होत नाही."

"आवळते कुठं? ओढून बघा. साधं कापड दुमडून शिवलंय. आवळते ती बाहीची पट्टी, आणि नियमात बाहीचं नाव नाही."

अधिकाऱ्यानं शर्टाची खालची कड ताणून पाहिली. ती ताणली गेली नाही. त्यानं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, वहीतली ओळ खोडली आणि दोन्ही प्रकारचे नमुने प्रयोगशाळेला पाठवले. तीन आठवड्यांनी अहवाल आला. निळ्या पट्ट्यांचे ते शर्टच ठरले, सवलतीसह सुटले. बाकीच्या अर्ध्या मालाला नवा नंबर लागला, पूर्ण ड्यूटी बसली, वर दंड.

राजगोपालनं अर्धा माल वाचल्याचं नाव काढलं नाही. अर्धा बुडाल्याचं मात्र गल्लीभर सांगितलं.

सेतुमाधव म्हणाले, "अक्का, राजगोपाल म्हणतात, ही बाई असेल तर पुढचा कंटेनर तुमच्याकडे नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. कामाक्षीबाईंनी जेवणाचा डबा उचलला आणि जिना उतरल्या. कामं कोणाच्या हाती सोपवली नाहीत, कोणाचा निरोपही घेतला नाही.

दोन महिने त्या मैलापूरच्या दोन खोल्यांत बसून राहिल्या. शेजारणीशी पाण्यावरून भांडल्या, भाजीवाल्याशी उगीचच भांडल्या. मग नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात त्यांना काम मिळालं. तिथं रुजू होऊन आठ दिवस झाले, तेव्हा एका रविवारी सकाळी सेतुमाधव दारात उभे राहिले. लहान मुलांच्या विणलेल्या कपड्यांचा माल बंदरात अडकला होता.

कामाक्षीबाईंनी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं, कॉफी दिली नाही.

"अक्का, परत या. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

"मी चुगली केली असं तुज वाटलं की नाही? खरं सांग." ऑफिसातलं तुम्ही ऑफिसातच राहिलं होतं, तोंडी घरातली जुनी मराठी आली होती.

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "वाटलं. चुकलं माझं."

"हे ऑफिसात सगळ्यांपुढं म्हणशील? त्या राजगोपालाला बसवून?"

"अक्का, तो अजून माल देतो मज."

"मग जा."

"अक्का..."

"जा म्हणते ना!"

तो उठून चपला घालेपर्यंत त्या दाराला धरून उभ्या होत्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कोपऱ्यावर वळताना हॉर्न वाजला तोही ऐकू आला. हाक मारायची एक वेळ होती, ती त्यांनी जाऊ दिली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी अकराच्या आत नव्या ऑफिसातल्या मॅनेजरशी त्यांचं पहिलं भांडण झालं.