साहेबांच्या डोक्यावर घागर

कोयना धरणात आमचं गाव बुडालं आणि आम्हाला सांगलीकडच्या माळावर नवी वसाहत मिळाली. जागा पसंत करायला पुनर्वसनाच्या साहेबांनी फक्त पुरुषांना नेलं होतं. पाणी मात्र लांबच्या ओढ्यावर होतं आणि ते बायकांनाच आणावं लागे. साहेब पुन्हा आले, तेव्हा माझी आई पुढं झाली.

"आवं साहेब, एक घागर तुमी आणून बगा."

तरुण साहेब हसत तयार झाले. परत येईपर्यंत ते चिंब भिजले होते आणि घागर अर्धी झाली होती. बायकांची हसून मुरकुंडी वळली. साहेबही हसत म्हणाले, "विहीर कुठं खणायची, ते आता तुम्हीच सांगा."

आईनं वसाहतीच्या मधोमध जागा दाखवली. उन्हाळ्याआधीच विहिरीला गोड पाणी लागलं.