वसंते!

हे मी घरातही कधी बोललो नाही. वानखडे सरांचा चेक भाषेचा वर्ग माझ्यामुळे बंद पडला... आणि त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नाही. गेल्या महिन्यात सरांच्या गावाहून, नाचणगावहून, सर वारल्याचा निरोप आला.

सर तरुणपणी कापडगिरणीची यंत्रं शिकायला प्रागला गेले आणि येताना भाषा घेऊन आले. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात संध्याकाळी ती शिकवायचे. मी तिथला हंगामी कारकून, चाळिशीला आलेला. मागच्या बाकावर बसायचो. घरी येणारे हिंगणघाटचे पाहुणे विचारत, ‘चेक म्हणजे बँकेतला का हो?’ वर्गात सर म्हणायचे, ‘रशियन लोकाइनं हाकेची विभक्ती घालवली, राजेहो. चेक लोकाइनं ठेवली, आपल्यासारखी.’ आपण वसंतला ‘वसंता’ अशी हाक मारतो, त्यांच्यात ‘वसंते’ होतं. सरांनी मला पहिल्यांदा तसं पुकारलं तेव्हा पोरं खदखदली. ‘ओ वसंतेबाई, लुगडं कोठी हाय?’ सरही हसले. मग म्हणाले, ‘मंग हसजो. आधी ओ दे. हाकेले ओ भेटली तरच भाषा जिती हाय.’ पुढे हजेरी तशीच व्हायची.

हळूहळू पोरं गळाली. मी एकटा उरलो. विद्यापीठाची समिती आली. एक तरी विद्यार्थी दिसला तर वर्ग चालू राहणार होता. आदल्या दिवशी प्राचार्य मला सहज म्हणाले होते, ‘तुम्हाला कायम व्हायचंय ना? मग उगाच त्या वर्गाच्या भानगडीत पडू नका.’

समितीपुढे सर उभे होते, कोटाची बटणं वरखाली लागलेली. मी कागद घेऊन दाराशी. समितीच्या साहेबांनी विचारलं, ‘तुमचा विद्यार्थी कुठे आहे?’ सर माझ्याकडे वळले. ‘वसंते!’ साहेब हसले, ‘कोणी बाई आहेत वाटतं.’ मी टेबलावर कागद ठेवले आणि बाहेर पडलो. मागून पुन्हा हाक आली, या वेळी हळू... ‘वसंते...’

परवा नाचणगावला गेलो. सरांची खुर्ची दाराशी तशीच आहे. सरांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, ‘मले बी तसाच आवाज देत, अनसूयो म्हनून. मी ओ देत जाओ. अर्थ कोनाले ठावूक!’ एवढं बोलून त्या चुलीकडे वळल्या आणि मधेच, रिकाम्या खुर्चीकडे न बघता, सवयीनं म्हणाल्या, ‘ओ...’

मी उठलो आणि बाहेर पडलो.

मी कायम झालो. सरांच्या हाकेला ओ देणं अजून राहिलंय.