खाजवू नको म्हणणाऱ्या मावशी

माझ्या बायकोच्या मावशींनी रायगड जिल्ह्यातला एकूण एक माणूस पाहिलेला आहे, पण त्यातल्या एकाचाही चेहरा त्यांच्या लक्षात नाही. त्या रोह्याच्या, कातडीच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण आपण निवृत्त झालो ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. बाजारात कोणी वाकून नमस्कार केला की त्या नाव आठवायच्या फंदात पडत नाहीत. सरळ विचारतात, "तू मांडीचा नायटा ना? बरा आहे ना आता?" समोरचा माणूस गावचा सरपंच असला आणि मागे चार कार्यकर्ते उभे असले तरी आवाज एक पट्टीही खाली येत नाही. आमच्या लग्नात मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वादाआधी त्यांनी माझी मान वळवून कानामागे बघितलं आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं, "मुलगा स्वच्छ आहे." माझ्याबद्दल सासरी कोणी काढलेले ते पहिले आणि बहुधा शेवटचे चांगले उद्गार.

माणूस कुठे आणि कसा खाजवतो यावरून त्याला काय झालंय ते सांगता येतं असा मावशींचा दावा आहे. एकदा त्यांना रोह्याहून पेणला आणताना वडखळला चहाला थांबलो. टपरीवाल्याची बायको भजी तळता तळता झाऱ्याच्या दांड्यानं बोटांची बेचकी खाजवत होती. मावशींनी चहा तसाच खाली ठेवला. "रात्री अंथरुणात पडलीस की जास्त खाजतं का गो?" बाई म्हणाली, "व्हय. निजूच देत नाय." "घरात आणखी कोणाला?" "ह्यांना हाय, पोरांना हाय. सासूला नाय." झालं. ही खरूज आहे, तिचे किडे कातडीत घर करतात, एकाच दिवशी घरातल्या सगळ्यांनी गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत मलम लावायचं आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढून उन्हात घालायचं, हे सगळं तिथेच, गिऱ्हाइकांच्या देखत झालं. बाईनं विचारलं, "सासूला खाजतच नाय, तिला कशाला लावू?" मावशी म्हणाल्या, "तिला आधी लाव. तुम्ही सगळे बरे झालात की महिन्यानं तीच तुम्हांला परत देईल." भजी खाणारे दोघे उठून हात धुवायला गेले. पुढच्या फेरीला त्याच टपरीवर आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या बाईच्या सासूबाई स्वतः बाहेर येऊन दहाही बोटं पसरून दाखवून गेल्या.

मावशींचा जन्माचा वैरी म्हणजे मेडिकलमधून कोणालाही न विचारता आणलेली स्टिरॉइडची ट्यूब. नायट्याला लावली की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत नायटा जोमानं पसरत राहतो. "मूळचा नायटा कसा सज्जन असतो," मावशी सांगतात, "गोल असतो, कडा उठलेली असते, मध्ये साफ असतो, लांबून ओळखू येतो. ही ट्यूब लावली की त्याचा चेहरामोहराच जातो." चेहरामोहरा हा शब्द मी त्यांच्या तोंडून फक्त नायट्याच्या बाबतीत ऐकला आहे.

आमच्या पेणच्या घरी गणपतीला मावशी आल्या, त्या वर्षी घरात वरवर आनंद आणि आत मोठी काळजी होती. माझा पुतण्या मकरंद रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. खूप वाट पाहून तो तिथे कायम झाला होता, आणि आता ती नोकरी सोडायला निघाला होता. त्याच्या कमरेभोवती लाल चट्टे उठले होते. कंपनीत उडणाऱ्या पावडरीचा हा प्रताप, असं त्याचं आणि वहिनीचं ठाम मत झालं होतं. राजीनामा मोबाइलमध्ये लिहून तयार होता, विसर्जन झालं की पाठवायचा. थोरला भाऊ, आमचा दादा, पोराला अडवत नव्हता. पण पोराच्या नोकरीचे पेढे ज्यांना वाटले होते त्यांना आता काय सांगायचं, या विचारानं त्याचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. मला त्याच्याकडे बघवत नसे.

आरतीला सगळे टाळ्या वाजवत होते आणि मकरंद मात्र दाराच्या चौकटीला कंबर घासत होता. मावशींची आरती तिथेच संपली. "मंत्रपुष्पांजली तुम्ही म्हणा," म्हणत त्यांनी त्याला मागच्या पडवीत उजेडाला नेलं. प्रसादाची वाटी घेऊन आम्ही सगळे मागोमाग.

"कंपनीतली पावडर आहे, मावशीआजी," मकरंद म्हणाला.

"कुठे उडते ती?"

"अंगभर."

"मग हात साफ, मान साफ, तोंड साफ. ही पावडर भलतीच लाजाळू दिसते. शर्टाच्या आत शिरून नेमकी कमरेला जाऊन बसते." त्यांनी चष्मा पुसला. "ट्यूब लावलीस ना?"

मकरंदनं मान खाली घातली. मावशींनी बोटानं चट्ट्याची पुसट कडा शोधून काढली आणि मग तो प्रश्न विचारला. "घरात आणखी कोणाला?"

दादाला एकदम निर्माल्य गोळा करायचं आठवलं. मीही समईत तेल आहे का बघायला निघालो. "जावईबापू, तुम्ही असे तिरके का चालता?" मावशी म्हणाल्या, आणि मी संपलो. पाचच मिनिटांत आम्ही तिघे पुरुष पडवीत रांगेनं उभे होतो, शर्ट वर धरून, आणि तिघांच्या कमरेला तेच. प्रत्येकाला वाटत होतं आपल्यालाच झालंय, आणि प्रत्येकानं ते उरलेल्या दोघांपासून जिवापाड लपवलं होतं. माझी ट्यूब पुस्तकांच्या मागे होती. दादाची कापराच्या डब्यात निघाली, आणि पेणमध्ये बोभाटा नको म्हणून ती त्यानं नागोठण्याहून आणली होती. वहिनी कपाळाला हात लावून बसली.

"दादांनी कधी कंपनीचं फाटक बघितलंय?" मावशींनी विचारलं. "नाही. बायकांपैकी कोणाला आहे? नाही. म्हणजे बायका करत नाहीत असं काहीतरी तुम्ही तिघे करता."

"बायका करत नाहीत असं या घरात एकच काम आहे," वहिनी म्हणाली, "पूजा."

सगळ्यांच्या नजरा एकदमच वळल्या. देवघराबाहेरच्या काठीवर आजोबांचा तांबडा रेशमी कद वाळत होता. खरं तर तो वाळत कधीच नसे, नुसता टांगलेला असे. रोजची पूजा ज्याला सवड असेल त्यानं करायची, आणि करायची ती तोच कद नेसून, ही आमच्या घरची रीत. मकरंद शिफ्टवरून घामाघूम येऊन नेसायचा, रविवारी मी नेसायचो, एरवी दादा. रेशमाला विटाळ लागत नाही, म्हणून त्याला आजोबांच्या काळापासून पाणी लागलं नव्हतं. पावसाळाभर त्याला ओलसर वास यायचा, आणि आम्ही त्यालाच सोवळ्याचा वास समजत होतो.

"आजोबांची वस्तू आहे ती," दादा कळवळून म्हणाला. "साबणाचा थेंब शिवलेला नाही तिला."

"तेच तर म्हणतेय मी," मावशी म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि आवाज उतरवून बोलू लागल्या. हे मी प्रथमच ऐकत होतो. "दादा, सोवळं म्हणजे मुळात काय? रोज धुतलेलं, रोज वाळवलेलं, दुसऱ्यानं न शिवलेलं वस्त्र. आणि तुम्ही एकच न धुतलेलं तिघांत नेसता. तुमच्या आजोबांना हे चाललं असतं का, ते तुम्हीच सांगा मला. पोराची नोकरी कंपनी घालवत नाहीये. हा कद घालवतोय."

दादा उठून आत गेला. बाप्पासमोर रुसवा नको म्हणून कोणी त्याच्या मागे गेलं नाही. सकाळी बघतो तर दादा धुतलेलं, कडक वाळलेलं सुती धोतर नेसून पूजेला बसलेला, आणि पाटाच्या डावीकडे माझं आणि मकरंदचं अशी आणखी दोन धोतरं घडी करून ठेवलेली. मकरंदनं सगळ्यांसमोर मोबाइल काढला आणि राजीनामा पुसून टाकला. वहिनीनं त्या दिवशी मावशींच्या पानात मोजदाद न करता मोदक वाढले.

पुढे मावशींनी आम्हांला पथ्यावर धरलं ते विचारू नका. गोळ्या घ्यायच्या, मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, टॉवेल आपापला, पँटची कंबरपट्टी इस्त्रीनं गरम करायची, आणि मुख्य म्हणजे खाज थांबली, डाग गेले, तरी मलम थांबवायचं नाही. "डाग दिसत नाही म्हणजे नायटा गेला असं नाय," रोज फोनवर ऐकायला मिळे. दिवाळीत पहिल्या आंघोळीला दादानं मला न्हाणीघरातून मोठ्यानं हाक मारली. गेलो तर उटणं लावून उभा, कंबर उघडी, लख्ख. त्यानं माझी कंबर बघितली, मी त्याची, आणि दोघेही प्रौढ माणसं त्या वासाच्या तेलात हसत सुटलो. कद धुऊन कपाटात ठेवला आहे. दसऱ्याला त्याला फूल वाहतो, नेसत कोणी नाही.

आता मावशींची दृष्टी अधू झाली आहे. उपचार झाले, पण चट्ट्याची कडा उठलेली आहे की नाही हे त्यांना दिसत नाही. कोणी विचारायला आलं तर कातडीवर बोट फिरवून बघतात, आणि शंका आली की स्वतःहून म्हणतात, "दुसऱ्याला दाखव बाबा, मला नीट दिसत नाय." त्या रोह्याला एकट्याच राहतात. मात्र शिफ्ट सुटली की मकरंद त्यांच्याकडे जातो, डोळ्यांत औषध घालतो, मग एसटीनं पेणला येतो. त्या गणपतीत राजीनामा गेला असता तर रोह्यात त्यांच्या दारावर रोज थाप मारणारं कोणी उरलं नसतं.

परवा मी गेलो होतो तेव्हा तो खुर्चीमागे उभा राहून त्यांची पापणी उचलत होता. मावशींचा हात सारखा वर येत होता.

"मावशीआजी, डोळा चोळायचा नाही."

"अरे, फार खाजतो रे."

"तरी नाही."

साऱ्या जिल्ह्याला दरडावलेल्या मावशींनी दोन्ही हात निमूट मांडीवर ठेवले. थेंब घालून झाल्यावर त्यांनी चाचपडत मकरंदचा हात धरला आणि सवयीनं त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला. "साफ आहे," म्हणाल्या. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.